बाईला वाईट वाटू नये म्हणून

या, असे पुढं सरकून बसा. मागं बसणाऱ्याच्या कानावर शब्द पडतात, पण त्यातला ओलावा वाटेतच सुकतो. आज उपदेशाचं काही सांगत नाही. एका घराची गोष्ट सांगतो, विहिरी खोदणाऱ्यांच्या घराची. या गोष्टीत दुष्ट माणूस एकही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही त्याला शोधत बसणार नाही. सगळी देवाची लेकरं, सगळी एकमेकांना जपणारी. आणि तरी जे व्हायचं ते झालं.

घरात दोघे भाऊ आणि त्यांच्या दोघी बायका. लेकरू कुणालाच नव्हतं. धाकटा विहिरीत उतरायचा, थोरला वर दोर धरायचा. खालच्याच्या हातात टिकाव आणि पहार, वरच्याच्या हातात खालच्याचा जीव. दोर धरला की थोरला कुणाशी बोलायचा नाही, कुणाकडं बघायचा नाही. मालक येऊन विचारायचा, "किती लागेल अजून?" तर थोरली पुढं होऊन सांगायची, "मालक, ते आत्ता इथं नाहीत." माणूस समोर उभा, आणि बायको म्हणतेय इथं नाही. नवा मालक असला की हसायचा. जुने हसत नसत.

गेल्या उन्हाळ्यात एका विहिरीचा मातीचा काठ आतून सुटला. धाकटा दोर काखेतून बांधून वर यायच्या बेतात होता. आवाज झाला तो फार मोठा नव्हता, पोतं टाकल्यासारखा. मग दोर ताठ झाला. थोरल्यानं तो सोडला नाही. लोकांनी हातांनी, घमेल्यांनी माती उपसली. खाली पोचले तेव्हा धाकटा गेला होता आणि दोर तसाच ताठ होता. थोरल्याच्या मुठी वळलेल्या राहिल्या, त्या थोरलीनं एकेक बोट करून उघडल्या.

त्या उघडल्या त्या उघडल्याच. पुन्हा वळल्या नाहीत.

पेला धरता येईना, गुंडी लावता येईना. थोरली त्याला भरवायची. धाकटी घरात असली की तो भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि घास त्या बाजूनं द्यावा लागायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाचण्या टोचून बघितल्या, फोटो काढून बघितले. म्हणाले, "हाडं ठीक, शिरा ठीक. हे मनाचं आहे. दर आठवड्याला शहरातून एक बाई येतात, त्यांच्याकडं बसवा. बोलून बरं करतात."

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "बोलून बरं करतात म्हणजे? कोण बोलतं?"

"आपण बोलायचं," थोरली म्हणाली. "त्या ऐकतात."

"मग बरं करायचं ते पण आपणच का?"

धाकटी गेल्यापासून असं काही बोलली नव्हती. म्हणजे तिचा माणूस गेल्यापासून. थोरलीला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले.

बाईंची खोली म्हणजे दवाखान्यातली औषधं ठेवायची जुनी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीच्या काचेवर चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद. बाई तरुण होत्या. धूळ खात एसटीनं यायच्या, आल्या की आधी चष्मा पुसायच्या. थोरला सवयीनं खाली बसला. बाई म्हणाल्या, "काका, वर बसा ना." मग थोरलीला म्हणाल्या, "काकू, तुम्ही जरा बाहेर थांबाल?" आणि दार लावून घेतलं.

थोरली बाहेरच्या बाकावर बसली. नवऱ्याला कोंडून घेतल्याचं तिनं आजवर एकदाच पाहिलं होतं, चौकीत. कुणाच्या तरी विहिरीवरून भांडण झालं होतं तेव्हा. आतून आवाज येत नव्हता. बराच वेळ गेला. दार उघडलं तेव्हा थोरल्याची पाठ घामानं भिजलेली.

वाटेत तिनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, इथं बोललेलं बाहेर जाणार नाही."

"मग?"

"असं काय केलंय मी, की ते बाहेर जाऊ नये?" तो थांबला. "त्यांना पण तेच वाटतंय. माझ्या हातून गेला."

"तसं नाही हो म्हणाल्या त्या."

"तशा काहीच नाही म्हणाल्या. काय वाटतं, एवढंच विचारतात. मी म्हटलं, वाटायचं काय, भाऊ गेला. मग गप्प बसल्या. मी पण गप्प बसलो. मी त्यांच्याकडं बघत नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं असावं."

परक्या बाईच्या तोंडाकडं टक लावून बघायचं असतं, हे त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं. आणि जो बघत नाही तो काही लपवतो, असं बाईंना शिकवलेलं होतं. दोघंही आपापल्या शिकवणीशी प्रामाणिक राहिली.

पावसानं यंदा पाठ फिरवली होती. विहिरींना तळ लागला, आणि ज्याला त्याला विहीर खोल करून हवी होती. असा हंगाम पूर्वी आला असता तर या घराला श्वास घ्यायला उसंत मिळाली नसती. आता दोघी जावा दुसऱ्यांच्या टोळीत गाळ वाहायला जाऊ लागल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. ओला गाळ कडेनं ओघळून कानात शिरायचा, मानेवर वाळून कातडी ओढायचा. रात्री थोरलीला मान वळवता येत नसे. कुणी हाक मारली तर ती अख्खी वळायची.

टोळीचा मुकादम जुना ओळखीचा. एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाला, "दोरावरचं घर तुमचं. तुमच्या घरधन्याच्या दोरावर मी सुद्धा उतरलोय. आता काय, बायकांनी घमेली वाहायची आणि त्यांनी घरी बसून घास घ्यायचा."

थोरलीनं घमेलं उचललं. मागून धाकटी शांतपणे म्हणाली, "मुकादम, तुम्ही त्यांच्या दोरावर उतरलात म्हणून आज वर उभं राहून बोलताय."

मुकादम खाली बघून पायानं माती सारू लागला.

बाई एक दिवस घरी आल्या. दवाखान्यात काही उमगेना, तेव्हा यांचं घर तरी बघावं असं त्यांच्या मनानं घेतलं. धाकटीनं चहा ठेवला. बाई म्हणाल्या, "नको, खरंच नको. आम्हाला घेता येत नाही." त्यांच्या गुरूंनी शहरात तसं सांगितलं होतं: ज्याच्यावर उपचार करायचे त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, स्वतःचं काही सांगायचं नाही. त्याला त्यांच्या परीनं कारण असेल. पण चहा तसाच राहिला. बाई गेल्यावर धाकटीनं तो अंगणात ओतला.

"विधवेच्या हातचा नको असेल," ती म्हणाली.

"नाही गं, शहरातली माणसं..." थोरली म्हणू लागली आणि रिकामा कप धुवायला घेऊन गेली.

पुढच्या वेळी दवाखान्यात थोरलीनं धीर केला. दार लावायच्या आधी म्हणाली, "बाई, माझी जाऊ रडली त्या दिवशी. तुम्ही चहा घेतला नाही."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. काकू, तुम्ही आत या. आणि दार उघडंच राहू दे." आणि त्याच आठवड्यात त्या पुन्हा घरी आल्या, जमिनीवर बसल्या, चहा घेतला, संपवून कप पुढं केला. "अजून आहे?" धाकटीनं उरलेलं पातेलंच रिकामं केलं. त्या दिवशी त्या घरात माणूस आल्यासारखं वाटलं.

थोरली आता खोलीत बसू लागली. थोरला खाली बसला तर बाईही खुर्ची सोडून खाली बसायच्या, त्याच्या समोर नाही, शेजारी. दोघंही एकाच भिंतीकडं बघत. एक दिवस थोरल्यानं आपणहून विचारलं, "बाई, तुमचे वडील काय करतात?"

असं विचारलं की प्रश्न परतवायचा, हेही त्यांना शिकवलेलं होतं. पण त्या म्हणाल्या, "शिंपी होते. आई गेल्यावर मशीनला हात लावला नाही त्यांनी. मी तेव्हा हेच शिकत होते, माणसांना बोलतं कसं करायचं. सुट्टीत घरी जायचे आणि पुस्तक घेऊन बसायचे. ते समोर बसलेले असायचे. मी त्यांना एकदाही..." आणि त्यांना पुढं बोलता येईना. ओढणीनं डोळे दाबून त्या लहान मुलीसारख्या रडल्या.

थोरला उठला. कोपऱ्यात पाण्याचा तांब्या होता. दोन्ही मनगटांच्या मधे तो दाबून धरला, अर्धं पाणी अंगावर सांडत आणला, आणि त्यांच्यापुढं ठेवला. "घ्या, बाळ," म्हणाला.

महिन्यांमागून महिने गेले होते, त्यानं कुणासाठी काही उचललं नव्हतं. बाईंनी रडता रडता ते पाहिलं. थोरलीनंही पाहिलं. तिला वाटलं, देव आज या खोलीतून चालत गेला.

इथपर्यंत गोष्ट चांगली चालली होती. दोन काठांवरची माणसं पाण्यात उतरून एकमेकांच्या हाताला लागली होती. आता पुढचं ऐका.

त्या संध्याकाळी घास घेता घेता थोरला म्हणाला, "पोर आधीच दुःखात आहे."

"हो ना," थोरली म्हणाली.

"एवढ्या लांबून उन्हातान्हाची येते. आणि आपण काय देतो तिला? झोप नाही, हात नाही, भाऊ दिसतो. दर वेळी तेच. तिचं तोंड बघितलंस? घरी जाऊन ती पोर जेवत तरी असेल का?"

धाकटी चुलीपाशी होती. म्हणाली, "मग काहीतरी चांगलं सांगत जा ना, दादा. पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

बस्स, एवढंच. खोटं बोलायचं असं त्या घरात कुणी ठरवलं नाही. पाहुणीला बरं वाटावं एवढंच ठरलं. पुढच्या आठवड्याला थोरल्यानं सांगितलं की झोप लागते. बाईंच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. त्याच्या पुढच्या वेळी थोरली म्हणाली, "परवा पेला धरला त्यांनी." तिनं पेल्याखाली आपला तळवा धरला होता, तेवढं सांगायचं राहिलं. जायच्या दिवशी सकाळी दोघी जावा बसून ठरवू लागल्या, आज काय न्यायचं. जशी कुणाकडं जाताना परसातली भाजी बांधून न्यावी, तसं.

"आज स्वप्न पडत नाही म्हणून सांगा," धाकटी म्हणायची.

"गेल्या वेळी सांगितलं ते."

"मग भूक लागते म्हणून सांगा. भुकेचं कुणालाही बरं वाटतं."

थोरला मात्र रात्री भिंतीला टेकून जागा असायचा. थोरलीला ते दिसायचं. एकदा ती म्हणाली, "खरं सांगून टाकू का त्यांना?"

"नको. परवा काय म्हणाल्या ऐकलंस ना? काका, तुमच्यामुळे मला पुन्हा हे काम करावंसं वाटतं, असं म्हणाल्या. आता कुठल्या तोंडानं सांगणार?"

मग एक दिवस बाईंनी पिशवीतून दोर काढला. नवा, पांढरा, बाजारातून आणलेला. भीत भीत म्हणाल्या, "जमलं तरच हं, काका. नुसता हातात घ्यायचा."

थोरल्यानं दोराकडं पाहिलं. मग बायकोकडं. आणि त्यानं दोर मनगटाभोवती दोनदा गुंडाळला, वेढा दुसऱ्या मनगटानं दाबला आणि खांद्यानं ओढला. बाईंनी दुसरं टोक धरलं होतं. त्या ओढल्या गेल्या. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

थोरलीनं तो वेढा पाहिला. त्यांच्या धंद्यात दोर मुठीत धरतात. मनगटाला गुंडाळत नाहीत, कारण गुंडाळलेला दोर हवा तेव्हा सैल सोडता येत नाही आणि झटका बसला तर हात घेऊन जातो. नवशिक्यानं असं केलं तर थोरला त्याला विहिरीच्या आसपास उभं करत नसे. पण बाईंना हे कुठून माहीत असणार? तिच्या ओठांवर शब्द आले होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं शब्द गिळले.

"आता हळूहळू काम सुरू करा, काका," बाई म्हणाल्या. "हातांना आठवेल."

दवाखान्यातली गोष्ट बाहेर जात नाही, पण दोरावरचा माणूस बरा झाला ही बातमी गेली. मालक दारात आले. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. उतरायला मात्र कुणी तयार होईना. मुकादमाला विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, बायको सोडत नाही."

तेव्हा धाकटी म्हणाली, "मी उतरते."

थोरली तिला बाजूला घेऊन गेली. "अगं, त्यांची मूठ नाही वळत. ते मनगटाला..."

"माहितीये मला, ताई. त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा वळ बघितला मी. पण रिकाम्या दोरावर मूठ कशी वळेल? खाली माणूस असलं की वळेल. आणि माझ्या माणसाला त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या कुणाच्या दोरावर उतरू मी?"

लहानशी विहीर होती, नुसता गाळ काढायचा होता. धाकटी कमरेला पदर खोचून उतरली. थोरला पुढं, थोरली त्याच्या मागं दोराला हात लावून. गाळाचं घमेलं वर यायचं, थोरली रिकामं करायची. दोराचा वेढा थोरल्याच्या मनगटात रुतून कातडी सोलली गेली. पहिले दिवस असे गेले. मग एके दुपारी थोरलीनं पाहिलं: त्याची करंगळी दोरावर वळली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारचं बोट. खालून धाकटीनं दोराला हिसका दिला की वर ती बोटं हलायची, झोपेतल्या माणसानं हाकेला हुंकार द्यावा तशी.

त्या रात्री त्यानं पेला धरला. खालून कुणाचाही तळवा नव्हता. तिघंही त्या पेल्याकडं बघत राहिली.

"आता बाईंना सांगायला खरं आहे," धाकटी म्हणाली. "त्यांना म्हणावं, चहाला या."

दुसऱ्या दिवशी काम आटोपत आलं. सावल्या लांबल्या होत्या. धाकटीनं दोर काखेतून बांधून खालून हिसका दिला, ओढा म्हणून. थोरल्यानं मनगटाचा वेढा सोडला. दोर दोन्ही मुठींत धरला. मुठी वळल्या, घट्ट वळल्या. मागं वळून न बघता तो म्हणाला, "तू सोड. येतंय मला."

थोरलीनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. ती जुनी पाठ होती. तिनं दोर सोडला, आणि देवाचं नाव घेतलं.

धाकटी वर येऊ लागली. तिचं डोकं दिसू लागलं, भांगातला गाळ दिसला. ती हसत होती की काय, उन्हामुळं नीट कळलं नाही. तेवढ्यात विहिरीच्या आतल्या अंगानं मातीचं एक ढेकूळ सुटलं. छोटंसंच, त्यानं कुणाला इजा झाली नसती. ते खाली पडलं आणि आवाज आला, पोतं टाकल्यासारखा.

थोरल्याची बोटं उघडली.

त्यानं उघडली नाहीत, ती उघडली. थोरलीनं झेप घेतली, दोर तिच्या तळव्यांतून कातडी घेऊन गेला.

धाकटीला खाटेवर घालून घरी आणलं. ती शुद्धीवर होती. थोरल्याला बोलावलं तिनं. तो भिंतीशी उभा होता, त्याला पुढं ढकलावं लागलं. ती म्हणाली, "दादा, वळली होती. मी खालून बघितली, वळली होती मूठ." उजाडायच्या आत ती गेली.

बाई आल्या तेव्हा घरात दोघंच होती. थोरला कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेला. बाई उंबऱ्याच्या आत आल्या आणि तिथंच खाली बसल्या. म्हणाल्या, "मला मुकादमांनी सांगितलं, त्या रात्री तुम्ही त्यांच्याजवळ बोललात ते. मनगटाचं, झोपेचं, सगळंच. काकू, मला खरं का नाही सांगितलं?"

थोरलीच्या तळव्यांना फडकी बांधलेली होती. ती म्हणाली, "तुम्ही रडला होतात, बाई."

बाईंनी मान खाली घातली. "माझं चुकलं. मी माझं सांगायलाच नको होतं."

"नाही," थोरली म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून तर आमच्या झालात. परक्या असता तर खरं सांगितलं असतं. डॉक्टरांना सांगायचोच की."

बाहेर कुणीतरी रिकामी घागर घेऊन गेलं. यंदा पाणी कुठंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "मी येत राहीन, काकू. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. या वेळी जे असेल ते सांगा. वाईटात वाईट असेल ते."

थोरलीनं त्यांच्याकडं पाहिलं. डोळे सुजलेले, चष्म्यावर धूळ तशीच. तिला त्यांचा हात धरावासा वाटला, पण तळव्यांना कशाचा स्पर्श सहन होत नव्हता.

"येऊ नका, बाई," ती हळूच म्हणाली. "राग नाही. देवाशपथ, तुमच्यावर राग नाही. पण तुम्ही आलात की त्यांना बरं व्हावं लागतं. आता ते जमायचं नाही त्यांना."

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या पाठीला त्यांनी हात जोडले. ती पाठ वळली नाही. मग त्या एसटीच्या वाटेला लागल्या, आणि थोरली दारात उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. मान वळत नव्हती, म्हणून अख्खी वळून आत आली.

तर मंडळी, गोष्ट इथं संपते. देवाला या तिघींच्या आणि त्या एकाच्या पोटातलं सगळं ठाऊक होतं. तो मधे का बोलला नाही, हे विचारायची माझी पायरी नाही. तुमच्याकडं एवढंच मागतो. आता घरी जाल, हात जोडाल, आपल्या माणसांसाठी काही मागाल. तेव्हा घटकाभर धाकटीलाही आठवा. जिच्या जिवावर बेतलं तरी जी म्हणत राहिली, मूठ वळली होती. तिच्याखेरीज ते पाहिलेलं दुसरं कुणी नाही, आणि थोरला ते मानत नाही. तेव्हा तेवढं तुम्ही माना.